देव सोडले म्हणजे काय सोडलं?



मी भूगावचा. पुण्याहून चांदणी चौक ओलांडून पौडच्या रस्त्याला लागलं की लगेच आमचं गाव. २०१७ च्या डिसेंबरात इथं महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या झाल्या, अभिजित कटकेनं गदा मारली, तेव्हा पेपरात गावाचं नाव झळकलं. एरवी आता गावाची ओळख म्हणजे फ्लॅट. पुण्यात ज्यांना परवडत नाही ते इकडं बघायला येतात.

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. मी जुन्या वस्तीत राहतो, पुतण्या नव्या इमारतीत, आठव्या मजल्यावर. हिंजवडीला कंपनीत आहे. चांगला पोरगा आहे. वर्गणी मागितली तर हात आखडत नाही, १४ एप्रिलला रजा टाकतो. त्याच्याकडं गेलो. हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो जिथं होता तिथंच होता, आणि त्याच्याखाली टेबलावर गणपती बसवलेला. दिव्यांची माळ दोघांना मिळून एकच.

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "काका, तुम्हाला आवडणार नाही हे माहितेय. पण पोरगं ऐकत नाही. खाली सगळे विचारतात, तुमच्याकडं बाप्पा नाही का? आणि खरं सांगू का, श्रद्धा हा ज्याचा त्याचा पर्सनल मामला आहे. जग बदललंय आता."

मी चहा घेतला. आरतीची तयारी सुरू झाली तसा उठलो. भांडलो नाही. पंचविशीत असतो तर ते टेबल उलथं केलं असतं. पण घरी येऊन झोप लागली नाही. गणपतीचं एवढं वाटलं नाही, त्या 'पर्सनल' शब्दानं झोप उडवली.

कारण आमच्या चार पिढ्यांचा हिशेब मांडला तर श्रद्धा पर्सनल कधी झाली त्याची नोंदच सापडत नाही. देव मानणं हे आमचं काम होतं. काम म्हणजे खरोखरचं काम, गावकीनं नेमून दिलेलं, झाडलोट करण्यासारखं, सांगावा पोचवण्यासारखं. हे त्या पोराला कुणी सांगितलंच नाही. म्हणजे मी सांगितलं नाही. ते इथं लिहितो.

मी जन्मलो १९५७ साली, धर्मांतरानंतर. येसकरकी मी डोळ्यांनी बघितली नाही. मला जे माहीत आहे ते आजीकडून. पुण्यात कॉलेजात होतो, चळवळीचे दिवस होते, आणि आम्हा पोरांना इतिहास म्हणजे फक्त छापलेला वाटायचा. एका जुन्या कार्यकर्त्यानं दम भरला, "घरी म्हातारी आहे ना, तिला विचार आधी." म्हणून दिवाळीच्या सुट्टीत शंभर पानी वही घेऊन आजीपुढं बसलो. ती वही अजून माझ्याकडं आहे.

पहिल्याच पानावर मरीआईचा गाडा आहे. पटकीची साथ आली की गाडा निघायचा. लाकडाचा लहानसा गाडा, त्यात लिंबं, हिरवा चुडा, खण, कोंबडं. एका गावानं तो ओढत दुसऱ्या गावाच्या शिवेवर आणून सोडायचा. म्हणजे साथ पुढच्या गावाला गेली. त्यानं आणखी पुढं ढकलायचा. आजी म्हणायची, "बावधनच्या शिवंवरनं यायचा. रातच्याला हलगी ऐकू आली का समजायचं. मंग आमच्या मान्सांनी भुकूमच्या शिवंला न्हेऊन घालायचा."

मी विचारलं, "ओढायचं कुणी?"

"आमीच. दुसऱ्या कुनी हात लावला तर त्याला पटकी व्हईल म्हनायची."

"मग आपल्याला नव्हती होत?"

"व्हत व्हती की. माझी दोन ल्योकरं गेली न्हवं?"

हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. माझ्या बापाला दोन थोरली भावंडं होती हेच मला माहीत नव्हतं.

१८८४ साली रॉबर्ट कॉख यानं कलकत्त्यात पटकीचा जंतू शोधून दाखवला होता. रोग घाणेरड्या पाण्यातून येतो हे शहाण्या जगाला ठाऊक झालं होतं. मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. चार वर्षांनी, १९२७ साली, बाबासाहेबांना महाडच्या तळ्यावर जाऊन ते पाणी हातानं उचलावं लागलं. आणि इकडं आमची माणसं वेगळ्या पाणवठ्याचं पाणी पीत होती, मरत होती, आणि मेलेल्यांची आग छातीत घेऊन गावाची साथ शिवेपार ओढत होती. मरीआईवर आजीची श्रद्धा नव्हती असं मी म्हणत नाही. होती. भीतीएवढी पक्की होती. पण ती तिला निवडायला कुणी दिली होती का?

दसऱ्याच्या रेड्याचं तेच. रेडा देवीला, धरायचा महारानं, कापताना हाताशी राहायचं महारानं, आणि मग त्याच्या मांसाचा वाटा हा आमचा 'मान'. बेदरच्या बादशहानं अमृतनाकाला बावन्न हक्कांची सनद दिली ही दंतकथा तुम्ही ऐकली असेल. आमच्या म्हाताऱ्यांना ती तोंडपाठ. मेलेल्या ढोरावर हक्क, मढ्यावरच्या कापडावर हक्क. हक्क म्हणून छाती फुगवायची आणि उचलायचं काय, तर मढं. माणसाला त्याच्या गुलामीचा अभिमान वाटायला लावला की पहारा ठेवावा लागत नाही.

याच्या मुळाशी वतन होतं. १८७४ च्या वतन कायद्यानं इंग्रजांनी त्याला सरकारी शिक्का मारला. बदल्यात थोडी जमीन, गावाकडून बलुतं, सरकारकडून नावापुरता पैसा. आणि काम? दिवसरात्र. वतनदार घरी नसला तर घरातला जो सापडेल तो. बाबासाहेबांनी १९२७ साली 'बहिष्कृत भारत'मधून वतनावर लिहिलं, १९ मार्च १९२८ ला कौन्सिलात दुरुस्तीचं बिल मांडलं. पुढं त्या बिलाची इतकी मोडतोड झाली की १९२९ साली त्यांना ते मागं घ्यावं लागलं. विरोध फक्त वरच्यांचा होता असं समजू नका. आपल्यातले कित्येक जण म्हणत होते, वतन गेलं तर आपलं राहिलं काय? मान जाईल, जमीन जाईल. गळ्यातला दोर सुटला तर मान लुळी पडेल अशी भीती.

आता लक्षात घ्या, आपल्या चळवळीनं देवाचा प्रश्न पहिल्यापासून कसा धरला. गोपाळबाबा वलंगकरांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिलं. विटाळ शास्त्रात कुठं आहे ते दाखवा, असा धर्माच्या मुखत्यारांनाच जाब विचारला. पुण्यात शिवराम जानबा कांबळ्यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढला आणि जेजुरीला मुरळ्या सोडण्याच्या चालीवर हल्ला केला. पोरीचं खंडोबाशी लग्न लावायचं, म्हणजे ती कुणाचीच बायको नाही आणि कुणाच्याही हाताला लागावी. शिवूबाई नावाच्या मुरळीनं त्या पत्राला स्वतःहून कळवलं, मला संसार करायचाय. चळवळीतल्या एका कार्यकर्त्यानं तिच्याशी लग्न केलं. ही १९०९ ची गोष्ट. आता विचार करा, शिवूबाईची खंडोबावरची श्रद्धा पर्सनल होती का? तिच्या अंगावर भंडारा उधळला तेव्हा तिला विचारलं होतं? तिची पर्सनल म्हणावी अशी पहिली गोष्ट म्हणजे तिचं ते नाही म्हणणं.

मग देवळाचे सत्याग्रह आले. १३ ऑक्टोबर १९२९ ला पर्वतीचा सुरू झाला. शिवराम जानबा होते, पां. ना. राजभोज होते. पुण्याच्या सनातन्यांनी दगड मारले, माणसं जखमी झाली, सत्याग्रह १९३० च्या जानेवारीपर्यंत चालला, दार काही उघडलं नाही. नाशिकला काळारामासमोर पाच वर्षं तेच. आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी सांगून टाकलं, हिंदू म्हणून मरणार नाही. पर्वतीनंतर बरोबर सहा वर्षांनी, त्याच तारखेला. आज काही पोरं विचारतात, देऊळ नको होतं तर सत्याग्रह कशाला केले? अरे, तो झगडा दर्शनाचा नव्हताच, माणसाच्या बरोबरीचा होता. दार उघडत नाही हे सगळ्या जगाला दाखवलं आणि मग त्या घराकडं पाठ केली.

आमच्या भागाला बुद्ध दिसला तो देहूरोडला. २५ डिसेंबर १९५४. रंगूनच्या बौद्ध परिषदेहून बाबासाहेब परत आले होते, तिथून मिळालेली मूर्ती त्यांनी स्वतः देहूरोडच्या विहारात बसवली. २५ डिसेंबर म्हणजे महाडला मनुस्मृती जाळली तो दिवस. त्याच सभेत ते बोलले की पंढरपूरचा विठोबा हा मुळात बुद्ध आहे, आणि ते मी सिद्ध करीन. माझा आजा त्या गर्दीत होता. पहाटे अंधारात निघाला, चालत गेला, चालत आला, जाऊन येऊन पंधरा कोस तरी. आजीनं विचारलं, "काय म्हनले बाबासायेब?" आजा म्हणाला, "समदं ऐकू न्हाई आलं. पर मूर्ती बगितली. हातात कायबी न्हाई तिच्या." आजीला ही गोष्ट फार लागली. हातात शस्त्र नाही, पुढं रेडा नाही, कोंबडं नाही. ज्याला काही द्यावं लागत नाही असा देव कसा असंल, असं ती मला वीस-पंचवीस वर्षांनी पण विचारत होती. मी म्हणायचो, "आजे, तो देव नाहीच." ती म्हणायची, "मंग बरंय."

१४ ऑक्टोबर १९५६ ला आजा नागपूरला गेला नाही, तिकिटाला पैसे नव्हते. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर गावोगाव दीक्षेच्या सभा झाल्या. आमच्या वस्तीनं १९५७ साली दीक्षा घेतली, मी तेव्हा आईच्या पोटात. देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि रामनदीत सोडले. भुकूमकडून येऊन बावधन-पाषाणला जाणारी आमची लहानशी नदी. सकाळी देव सोडले आणि त्याच दिवशी संध्याकाळी आज्यानं येसकराची काठी चावडीत नेऊन ठेवली. आजी ही दोन कामं कायम एका दमात सांगायची. "द्येव सोडलं न् काठी ठिवली." मी वहीत दोन वेगळी वाक्यं करून लिहिली. शिकलेला होतो ना.

मला समजायला फार उशीर झाला. देव सोडणं हा राजीनामा होता. मरीआई मानत नाही म्हटल्यावर गाडा कोण ओढणार? देवीला मानत नाही म्हटल्यावर रेडा कोण धरणार? ढोरं कोण ओढणार, मयताचा सांगावा घेऊन परगावी कोण जाणार? काम बंद झालं तसं बलुतं बंद झालं. मागून आणलेली भाकरी बंद झाली. महाराष्ट्रात गावोगाव तेव्हा हेच झालं, कुठं नुसता अबोला, कुठं पुरता बहिष्कार. आज्यानं रस्त्यावर खडी फोडली. बाप पुढं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागला, तेव्हा चूल नीट पेटली. मधली दोन-तीन वर्षं आजी काय शिजवत होती ते वहीत आहे. ते इथं लिहीत नाही. तुमच्याही घरात तेच शिजत होतं.

वतनाचा कायदा १९५८ सालचा, अमलात आला १ ऑगस्ट १९५९ पासून. कनिष्ठ वतनं खालसा झाली. जमीन वतनदाराला परत मिळायची, पण सरकारी आकाराच्या तिप्पट रक्कम भरून, काही जमिनींना सहापट, आणि मुदतीत. भरली नाही तर जमीन सरकारजमा. परत मिळाली तरी कलेक्टरच्या परवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय विकता यायची नाही. सात-बाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' दिसतं ना, ते हेच. आज्यानं रक्कम भरली. आजीच्या नाकातली नथ त्यात गेली. भाऊबंदांच्या तक्षिमा पडून वाट्याला आली ती तळहाताएवढी, पण कुणाची चाकरी न करता आपली.

ती जमीन आज आमच्याकडं नाही. १९९४ साली बहिणीच्या लग्नाला पैसे हवे होते. गाडीतून एक एजंट आला, गोड बोलला, कुलमुखत्यारपत्र केलं. बापाचा अंगठा नाही, सही आहे, कारण बाप शिकला होता. आणि साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे. तेव्हा मी भाषणं करत होतो, वतन म्हणजे गुलामी, वतनाच्या जमिनीचा मोह नको. बोलायला सोपं होतं. पुतण्याचा टॉवर त्याच जमिनीवर आहे अशी गोष्ट रंगवता आली असती, पण तसं नाही. आमचा तुकडा अलीकडच्या वळणावर आहे, तिथं आता गाड्यांचं शोरूम आहे. काचेत माझंच तोंड दिसतं. २०२५ च्या नोव्हेंबरात मुंढव्याच्या ४० एकर महार वतनाच्या जमिनीच्या व्यवहारावरून राज्यभर गदारोळ झाला, तेव्हा टीव्हीवर बोलणाऱ्या निम्म्यांना वतन म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. आपल्या पोरांनाही नव्हतं.

आता माझी आणखी एक गोष्ट कबूल करतो. चळवळीच्या जोरात असताना आम्ही चार-पाच पोरं वस्त्या-वस्त्यांतून फिरायचो. कुणाच्या घरात देव आहेत ते शोधायचो. म्हाताऱ्या रडायच्या, आम्ही टाक उचलून न्यायचो, बावीस प्रतिज्ञा म्हणून दाखवायचो. वाटायचं, क्रांती चाललीय. १९८४ साली आजी गेली. तिची पेटी आवरताना तळाशी लुगड्याच्या चिंधीत बांधलेला मरीआईचा टाक निघाला. म्हणजे १९५७ साली नदीत गेला नव्हता. सत्तावीस वर्षं ती तो लपवून बसली होती, गावापासून नाही, माझ्यापासून. दोन लेकरं गेलेल्या बाईनं नातवाच्या भीतीनं देव लपवला. मी तो कुणाला दाखवला नाही. कुठं टाकला तेही आठवत नाही, असं मी सांगतो. आठवतं.

यातून मी एवढं शिकलो. भीती प्रतिज्ञेनं एका दिवसात जात नाही. प्रतिज्ञा दार उघडते. पण मरीआई आमच्या वस्तीतून खरी गेली ती नळ आला, पटकीची सुई आली, दवाखाना जवळ आला तेव्हा. बावीस प्रतिज्ञांत मरीआईचं नाव नाही हे पण बघा. ब्रह्मा, विष्णू, महेश आहेत, राम-कृष्ण आहेत, आणि नावानिशी गौरी-गणपती आहेत. गावकुसाबाहेरची मरीआई आपली आपण मरणार, वरून येणारा गणपती घरात शिरणार, हे त्या माणसानं १९५६ सालीच ओळखलं होतं की काय, असं मला अलीकडं वाटतं.

म्हणून पुतण्याच्या गणपतीकडं मी परत वळतो. त्याला कुणी गाडा ओढायला लावत नाही, हे खरं. पण "तुमच्याकडं बाप्पा नाही का?" हा प्रश्न काय आहे? चावडीवरून येणारा सांगावाच आहे तो, आता लिफ्टमधून येतो. न बसवावा तर पोरगं एकटं पडेल, मग आडनाव विचारतील, मग जात कळेल. त्या भीतीला तो पर्सनल श्रद्धा म्हणतो. आजीची भीती मरणाची होती, याची ओळख कळण्याची आहे. आज्यानं भाकरी गेली तरी नाही म्हटलं. ह्याची भाकरी जाणार नाही, ती आज्यानं आधीच पक्की करून ठेवलीय. तरी ह्याला नाही म्हणता येईना. याचं मला दुःख आहे, आणि त्यात माझा वाटा आहे. मी जगाला भाषणं दिली, घरात वही दाखवली नाही.

आणि आपल्या बाजूलाही साफ काय आहे? घर घेताना वास्तू बघणारे बौद्ध मला माहीत आहेत. अर्थ न कळता वंदना उरकणारे माहीत आहेत. १४ एप्रिलला डीजेपुढं नाचून १५ ला विसरणारे तर घराघरांत आहेत. बुद्धाच्या हातात काही नाही म्हणून आपण त्याच्या हातात आपलंच काहीतरी देत चाललोय.

अनंत चतुर्दशी झाल्यावर मी वहीची झेरॉक्स काढली आणि त्याच्या घरी ठेवून आलो. आठ-दहा दिवसांनी तो खाली आला, जुन्या वस्तीत. गणपतीवर एक शब्द बोलला नाही. मीही काढला नाही. त्यानं विचारलं, "काका, आजीनं नथ मोडली ते पान वाचलं. ती जमीन सात-बाऱ्यावर बघायची असेल तर काय करायचं?" मी सांगितलं, जुने फेरफार काढायचे, तलाठ्याकडं अर्ज करायचा. म्हणाला, शनिवारी जाऊ. गेलो. अजून सगळे कागद मिळाले नाहीत, चकरा चालू आहेत. येत्या भाद्रपदात तो काय करील मला माहीत नाही. आता पर्सनल ठरवील. निदान माहीत असून ठरवील.

तुम्ही चळवळीतली तरुण पोरं आहात. कुणाच्या देव्हाऱ्यात हात घालू नका, ते आम्ही करून बसलोय. शंभर पानी वही घ्या. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापुढं बसा. विचारा, गाडा कोण ओढायचं, काठी कधी ठेवली, ठेवल्यावर त्या वर्षी चुलीवर काय शिजलं, जमिनीचे पैसे कशातून भरले. ती सांगेल तसंच लिहा. दोन वाक्यं तिनं एका दमात सांगितली तर एकाच दमात लिहा. आणि ती वही लपवून ठेवू नका. घरातल्या पोराला वाचायला द्या.

जयभीम.